मापात

(भाजीचं दुकान. संध्याकाळ. मागच्या खोलीचं दार लोटलेलं. दुकानदाराची बहीण पोत्यावर बसून लसूण निवडते आहे.)

दुकानदार : बटाटे घ्यायचे तर पाव किलो घ्या, नाहीतर थेट पाच. किलोची दोन्ही वजनं सकाळपासून गायब आहेत.

नर्स : बटाटे नकोत, भाऊ. तीच द्यायला आलेय.

दुकानदार : अरेच्चा! तुमच्याकडे कशी?

नर्स : देशभर शाळांतून मुलांच्या तब्येतीची पाहणी चाललीय ना, त्यातली नर्स मी. आज तुमच्या मुलीच्या वर्गाची पाळी होती. वजन घेताना बूट, स्वेटर काढायला लावतो. हिनं स्वेटर काढला, तर कमरेला रुमालात ही बांधलेली.

दुकानदार : दोन किलो लोखंड बांधून शाळेत गेली? कमाल आहे पोरीची!

बहीण : हसतोस काय, दादा?

नर्स : या कोण?

दुकानदार : धाकटी बहीण. बोला, घरचीच आहे.

नर्स : मग सांगते. वजनं सोडून पुन्हा मोजली. शाळेनं गेल्या वर्षी मोजलं होतं, त्याहून कमी भरली. या वयात मूल वाढायला हवं. का बांधलीस विचारलं, तर रडायला लागली. म्हणे, कमी भरले तर आत्या घेऊन जाईल. बाबा एकटे पडतील.

बहीण : आत्या मीच.

नर्स : अगं बाई... मला ठाऊक नव्हतं हो.

बहीण : तुम्ही कशाला ओशाळता? बोलले होते मी. पोरीसमोर बोलायला नको होतं, एवढंच.

दुकानदार : पण डबा रोज रिकामा येतो तिचा! मी स्वतः घासतो.

नर्स : रिकामा येतो, भाऊ. पण खातात शाळेमागची कुत्री. मैत्रिणी सांगत होत्या.

दुकानदार : आणि रात्री?

बहीण : रात्री तू दुकान आवरून येतोस, ती म्हणते जेवले, तू म्हणतोस बरं. ताटाजवळ बसायला वहिनी होती तोवर ठीक होतं. आता कोण बसतं?

दुकानदार : मी बसलो तर गिऱ्हाईक कोण बघणार?

बहीण : तेच म्हणतेय मी.

दुकानदार : बाई, हे तुमचं सगळं वर जाणार ना? सरकारात? मग तिच्यासाठी काहीतरी करतील की.

नर्स : तिच्यासाठी नाही, भाऊ. आम्ही नावं पाठवत नाही. देशात इतकी मुलं अशक्त, इतकी उदास, एवढंच वर जातं. त्यातून पुढे काही होईलही. पण तोवर ही पोर थांबणार नाही. म्हणून आले. खरं तर आम्ही घरी जायचं नसतं.

दुकानदार : आणि आकडा कुठला लिहिलात?

नर्स : खरा. ती हात जोडत होती, वजनांसकट लिहा म्हणून. नाही लिहिलं.

दुकानदार : बरं केलंत. मापात पाप नको. तिची आई गिऱ्हाइकांना हेच सांगायची, पोर गल्ल्यापाशी बसून ऐकायची. तिनं हे करावं म्हणजे...

बहीण : दादा, माझ्याकडे दोन्ही वेळा चार जणं जेवायला बसतात. बसेल ती त्यांच्यात. अंगावर मांस चढलं की आणून सोडते. पोर काही कायमची ठेवून घेत नाही मी.

दुकानदार : रडेल.

बहीण : रडू दे. रडून भूक तरी लागेल.

दुकानदार : मला शिव्या देईल.

बहीण : देऊ दे की. मलाही देईल.

नर्स : मी निघते, भाऊ. माझं काही चुकलं असेल तर...

दुकानदार : नाही हो. थांबा, कोथिंबिरीची जुडी न्या. पैसे राहू द्या. वजनं परत आणलीत तुम्ही.

बहीण : तिचे कपडे कशात भरू? ती मोठी निळी बॅग कुठे आहे?

दुकानदार : माळ्यावर. तुझ्या वहिनीची हॉस्पिटलातून आणली, तशीच ठेवलीय. आधी रिकामी करावी लागेल.