सात लांडग्यांचा निरोप समारंभ

नाही सर, तो नारळ खाली ठेवू नका — आमच्या गावात पाहुण्यानं नारळ खाली ठेवला की त्याले राग आला असं समजतात, मंग दुसरा आणतात — मांडीवरच राहू द्या. शालही राहू द्या खांद्यावर, गरम होत असलं तरी. बबनराव उपसरपंच उमरखेडहून बॅन्ड घेऊन येऊन राह्यले, अर्धा तास तरी लागते त्याह्यले. म्हणूनच मी आत्ता आले. ते असले की दुसऱ्याले बोलू देत नाहीत.

हो, बॅन्ड. तुम्ही वनखात्याचा पिंजरा घेऊन आले ना — इथले लांडगे धराचे अन् जिथं लांडगे संपले तिथं नेऊन सोडाचे, बरोबर? — तर गावानं निरोप समारंभ ठेवला. तो फ्लेक्स पाह्यला? 'आमच्या सात सुपुत्रांस भावपूर्ण निरोप.' वर बबनराव, खाली लांडगा. सर, तो लांडगा नाही. जर्मन शेफर्ड आहे, गळ्यात पट्टा दिसून राह्यला. मी सांगितलं तर बबनराव म्हणे, "पोरी, पट्टा तर सायब लावणारच आहेत, आपण आधीच लावला." आता यावर काय बोलाचं? या माणसांसोबत मी बावीस वर्षं काढली.

मुद्द्यावर येते. मी मैत्रेयी, धर्मपाल यांची मुलगी — ते काय, डोंगराच्या पायथ्याशी हरभरा दिसते ना, ते आमचं वावर — बी.एस्सी. झाली, प्राणिशास्त्र घेऊन. मुद्दा असा की या गावात लांडगा नाही. एकही नाही. तुमच्याजवळच्या अहवालातले सात लांडगे म्हणजे मी आहे.

हसा. ग्रामसभाही हसली. पण ऐका — रानडुकरं हरभरा खातात, हे तुम्हाले माहीत आहे. इथं सगळे भोंगा लावतात वावरात, बॅटरीवरचा. आधी त्यात बाबांचा आवाज होता, "हाऽऽड, हाऽऽड". डुकरं आठ दिवस पळाली, नवव्या दिवशी भोंग्याच्या बाजूले बसून खाऊ लागली. मंग मी मोबाइलवरून लांडग्याचा आवाज उतरवला, तर त्याच्या मधातच गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात — लांडगा ओरडे, मंग एक बाई म्हणे, सांधे आखडलेत का? डुकरं थांबून ऐकत. शेवटी मी पाण्याच्या रिकाम्या टाकीत डोकं घातलं अन् स्वतःच ओरडले. असं घुमलं, असं घुमलं, की आमचा बैल दावं तोडून गेला. दुसऱ्या दिवशी पाच जणांनी तो आवाज मागून नेला. आमचा धरून सहा भोंगे. रोज संध्याकाळी साडेसहाले सुरू.

अन् मंग आली ती सर्वेवाली मंडळी — तुम्ही नाही सर, ते दुसरे, संस्थेचे. त्याह्यची पद्धत काय? डोंगराले तोंड करून लांडग्याचा आवाज वाजवाचा अन् उत्तर येते का पाह्याचं. वाजवला कधी? साडेसहाले. म्हणजे भोंग्यानं विचारलं अन् भोंग्यानं उत्तर दिलं, अन् मधात चार शिकलेली माणसं कानाले हात लावून उभी. अहवालात लिहिलं, 'एक वयस्क नर, बहुधा श्वसनाचा विकार.' सर, तो बबनरावांचा भोंगा आहे. ते बॅटरी चार्ज करत नाहीत.

सांगितलं ना, का नाही सांगितलं? ग्रामसभेत उभी राह्यली. पण तिथं वाद पेटलेला — अर्धे म्हणे लांडगे ठेवा, डुकरं खातात. अर्धे म्हणे द्या, उद्या लेकरं नेतील — अन् मंग द्यायचं ठरलं, तर द्यायचे कोणाचे? वॉर्ड एक म्हणे वॉर्ड तीनचे न्या. वॉर्ड तीन म्हणे आमच्याकडं आधीच कमी. बबनराव म्हणे, कळपाचा म्हातारा माझ्या वावरात राह्यते, मानाचा पहिला पिंजरा माझा. मी म्हटलं, अहो काका, तो मी आहे. म्हणे, "असं चारचौघात बोलू नये, तुले पाह्याले पाहुणे येणार आहेत." मी तिथंच ओरडून दाखवलं. पूर्ण. शाळेतली पोरं रडली. म्हणे, लांडगा असा नसते. कार्यवृत्तात नोंद आहे, काढून पाहा — 'कु. मैत्रेयी यांनी आवाज काढून दाखवला. सभेने तो बहुमताने नामंजूर केला.'

तर झालं. तुम्ही शून्य लिहा, पिंजरा उचला, बॅन्ड यायच्या आधी निघा. डोंगरावर काही नाही. खदानीकडं तर बिलकूलच काही नाही, जुनी मुरमाची खदान आहे, काटे आहेत, साप आहेत, तिकडं जाऊच नका.

काय? हो, सहाच. सहा भोंगे, सात आवाज — मोजणीत चूक झाली असेल, डोंगर आहे, आवाज घुमते, एकाचे दोन होतात. तुमच्याजवळ आहे ते रेकॉर्डिंग? लावा ना, मी ओळखून देते. हं — हा आमचा. हा चौधरींचा, कर्णा फुटला आहे त्याह्यचा. हा बबनरावांचा, ऐका, कसा धापा टाकते. हा — बंद करा. सर, बंद करा ते, एवढ्या मोठ्यानं नका लावू, तिले ऐकू जाईल.

तिले म्हणजे म्हशीले. म्हैस बुजते आमची. लंगडी आहे बिचारी, त्यातून तीन पिल्लं —

म्हशीले तीन पिल्लं होत नाहीत. माहीत आहे. बी.एस्सी. झाली मी.

बसा, सर. उभे नका राहू. सांगते.

डिसेंबरात एक दिवस आमचा भोंगा बंद पडला. बाकीचेही थांबले, अन् तरी खदानीतून आवाज आला. मी गेले. काठावरून पाह्यलं — वाळलेली, एक कान फाटलेला, पुढचा पाय टेकत नाही, अन् पोटुशी. कोठून आली असेल? पैनगंगेच्या पलीकडून? रोज संध्याकाळी तिले सहा जण बोलावत होते, सर. लंगडत लंगडत आली असेल ती, की तिकडं माणसं आहेत — म्हणजे, तिची माणसं. अन् इथं काय? सहा डबे. माझ्याकडं अशी पाहे, जसं लग्नाचं बोलावणं देऊन आपण घरी कुलूप लावून गेलो. मी ओरडले. टाकी नाही, काही नाही, तशीच. तिनं उत्तर दिलं. मोजलं मी, तीनदा.

आता पिल्लं महिन्याची आहेत, डोळे उघडले. तांड्यावरच्या बिजलीबाईच्या दोन बकऱ्या गेल्या. मी घाबरत गेले तिच्याकडं, तर म्हणे, "बाळंतीण आहे, खाईलच ना." अन् गप राह्यली. या गावात म्हातारं होऊनही गप राहाता येते ते तिले एकटीलेच. बाकीच्यांना कळलं तर धूर करतील बिळात, नाही तर हार घालाले जातील — दोन्हीनं मरतील ती. अन् तुम्ही नेली तर? दूध पिऊन राह्यली पिल्लं, पिंजऱ्यात दोनशे किलोमीटर, सांगा ना तुम्हीच, किती वाचतील? तुम्हाले माहीत आहे. तुमच्या तोंडावर दिसून राह्यलं.

अन् शून्यही लिहू नका आता. मघाशी मी म्हटलं, पण चुकलं माझं. शून्य म्हटलं तर बबनराव तुम्हाले खोटं पाडाले सगळं गाव घेऊन डोंगरावर हाकारा घालतील, डफडं वाजवत, अन् तीन घंट्यात खदानीत पोचतील. सात म्हटलं तर पिंजरा वर जाते. अन् 'एक' हा आकडा तर म्हणूच नका, तिलेच शोधतील. मले आकडा सुचून नाही राह्यला, सर. एवढी शिकली मी, अन् आकडा सुचत नाही. तुम्ही सायब आहात, मुहूर्त नाही म्हणा, वरून कागद आला नाही म्हणा, सहीवर शिक्का नाही म्हणा — कागदाचं नाव घेतलं की हे लोक ऐकतात.

आली गाडी. तो क्लॅरिनेट. बबनराव पुढं बसले आहेत, फेटा बांधून. त्याह्यच्या देखत मी काही बोलले की ते उलटंच करतील, म्हणून मी आता तोंड उघडणार नाही. इतका वेळ तुम्ही गप होते, सर. आता तुम्ही बोला.