फिरत्या पोळपाटाची चकती

...आणि वर सून मलाच विचारत होती, 'मामा, तुम्ही नक्की नीट मोजलं का?' आता तुमास्नी सांगतो पावणं, एकतीस वर्षं मी साखर कारखान्यात यंत्रांस्नी तेल घालत फिरलो, शाळा म्हणाल तर चौथी, ती बी मास्तरांनी ढकलली म्हणून, पर व्हर्निअर धरायला मला कुणी शिकवायला नगं. आडवं मोजलं तर बरोबर चोवीस सेंटिमीटर. उभं मोजलं तर दीड मिलिमीटर कमी. परत आडवं, परत उभं. चकती तीच, व्हर्निअर तोच, मोजणारा मीच... दिसाया गोल, पर गोल न्हाई.

कसली चकती म्हणाल तर सांगतो, दमानं सांगतो, मला भराभर बोलाया जमत न्हाई. दिवाळीच्या तोंडावर आमच्या मंडळीला, धोंडुबाईला, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात राहिला, डावा गेला. गेला म्हंजे हाय, खांद्याला हाय, पर ऐकत न्हाई. आता चपाती लाटायची तर उजव्या हातानं लाटायचं आणि डाव्यानं ती जरा जरा फिरवायची, हे मला सत्तर वर्षांत ठाऊक नव्हतं. मला वाटायचं ती आपली आपण फिरती. सून चांगली हाय, गरम करून घालती, तिच्याबद्दल शब्द न्हाई. पर धोंडुबाई अर्धी चपाती खायची आणि ताट सरकवायची, आणि स्वयंपाकघराकडं पाठ करून बसायची. एक दिवस एवढंच म्हणाली, 'पोळपाटच फिरला असता तर मी लाटल्या असत्या की.' परत त्यावर बोलली न्हाई. चव्वेचाळीस वर्षांत जिनं माझ्याकडं एक साडी मागितली न्हाई, तिनं पाट मागितला. आता ह्याला न्हाई कसं म्हणायचं?

तर आमची सून तेजस्वी घरात नावाच्या पाट्या करून विकती. त्यासाठी तिनं एक बारकं सीएनसीचं यंत्र घेतलंय, टेबलावर मावतंय, कंप्युटरवर काढाल तसं लाकूड कापतंय. मी म्हटलं, पोरी, जाड सागवानी पाटाला मधे गोल भोक पाड, भोकात गोल चकती बसव, खाली छऱ्यांची बेअरिंग, म्हंजे बोटानं ढकलली की फिरंल. ती म्हणाली, 'एवढंच ना मामा, अर्ध्या तासाचं काम.'

तीन आठवडे लागले त्या अर्ध्या तासाला.

पहिली चकती भोकात बसवली, अशी बसली म्हणता, मला भरून आलं. फिरवली. पाव चक्कर गेली आणि आवळली. का? भोक बी त्याच यंत्रानं पाडलेलं की. दोघं एकाच अंगानं चपटे. बसायला एकमेकांस्नी बरे, फिरायला लागलं की भांडण. आमच्यासारखंच. दिसाया गोल, पर गोल न्हाई.

तेजस्वी म्हणाली, 'मामा, कंप्युटरमधला उभा आकडा वाढवते.' वाढवला. मग चकती दुसऱ्या अंगानं लांबली. कमी केला, परत पहिल्या अंगानं. मग म्हणाली लाकूड सरकत असंल, म्हणून चार जागी स्क्रूनं आवळलं. मग म्हणाली पट्टा ढिला असंल, म्हणून पट्टा ताणला, तर मोटर कण्हायला लागली. आणि मी... मी काय करणार, मला जे येतंय ते. प्रत्येक चकती बिघडली की मी गुपचूप चार थेंब तेल जास्त घालत होतो, आजारी माणसाला दुधाचा घोट पाजावा तसं.

शेजारचा आकाराम येऊन बघून गेला. 'कशाला एवढा खटाटोप? बाजारात मशीन मिळतंय, गोळा ठेवायचा, वरनं दाबायचं, झाली चपाती.' धोंडुबाई आतनंच म्हणाली, 'दाबून झालेलीला चपाती म्हणत्यात व्हय?' आकाराम चहा न पिता गेला.

शेवटी मी बाबालालला आणला. बाबालाल मिस्त्री, माझा जुना दोस्त, उद्यमनगरात सगळा जन्म लेथवर काढला. त्यानं दहा चकत्या बघितल्या, एकीवर एक ठेवल्या, म्हणाला, 'दिसाया गोल, पर गोल न्हाई.' म्हटलं, हे सांगायला तुला रिक्षानं आणलं व्हय? त्यानं पट्ट्याला बोट लावून तार छेडावी तसं छेडलं. 'पट्टा बरोबर हाय.' मग मोटरच्या दांड्यावर जी बारकी दातेरी पुली असती, तिच्यावर आणि दांड्यावर मिळून मार्करनं एक रेघ मारली. 'काप म्हणावं आता.' टाकाऊ फळीवर गोल कापला. रेघ तुटली. अर्धी दांड्यावर, अर्धी पुलीवर, मधे केसाएवढं अंतर. 'बघ गुंडबा, दांडा फिरतोय, पुली मागं राहती. दिशा बदलली की घसरती. सरळ रेघेत कळायचं न्हाई, गोलात दर फेरीला दिशा बदलावी लागती.'

मग त्यानं बोट नाकाला लावलं.

'हे तेल कुणी घातलंय?'

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काय नव्हतं.

'अरे, उसाच्या चरकाला पाजायचं तेल हिला पाजलंस व्हय? ही पुली एका बारक्या स्क्रूवर दांडा धरून हाय. तिला कोरडं ठेवायचं असतंय.' म्हटलं, तेल न्हाई ते यंत्र उपाशी असतंय, असं आम्हांला साहेबांनी शिकवलंय. म्हणाला, 'साहेबांस्नी बोलव, त्यांच्याकडनं कापून घे चकती.'

तेजस्वी चहा ठेवायला गेली. तिथनं हळूच म्हणाली, 'तरीच पाट्यांवर माझा ठ चपटा येत होता.' लई वाईट वाटलं हो मला. तीन ठोंबरे पाट्या घेऊन गेले होते. एकाला बी कळलं न्हाई, ते सोडा.

मग पुली काढली, दांडा पेट्रोलनं पुसला, स्क्रू आवळला. नवा पाट, नवीन भोक, अकरावी चकती. आडवं चोवीस, उभं चोवीस. भोकापेक्षा चौफेर अर्धा मिलिमीटर कमी, पातळ पुठ्ठा सरकावा एवढी फट. बोटानं ढकलली तर सात चकरा खाऊन थांबली. बाबालालनं टोपी काढली आणि परत घातली.

पाट धोंडुबाईपुढं ठेवला. तिनं उजवा हात धुतला, गोळा ठेवला, पीठ भुरभुरलं, लाटणं टेकवलं... आणि चकती गर्रकन फिरली. लाटणं एकीकडं, गोळा दुसरीकडं. परत टेकवलं, परत फिरली.

'अवो,' ती म्हणाली, 'हे थांबतंच न्हाई की.'

मी आणि बाबालाल एकमेकांकडं बघाया लागलो. तेजस्वी सासूला म्हणाली, 'अत्ती, ब्रेक बसवावा लागंल, दोन-तीन दिवस द्या.' धोंडुबाईनं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परातीतली हरभऱ्याएवढी कणीक चिमटीत घेतली आणि अंगठ्यानं त्या फटीत दाबली. मग चकती ढकलली तरच फिरायला लागली. लाटायचं, मनगटानं जरा ढकलायचं, लाटायचं. चार चपात्या केल्या. दोन स्वतः खाल्ल्या, आख्ख्या.

आता बरं चाललंय. रोज लाटती. ज्या अर्ध्या मिलिमीटरसाठी आम्ही तीन आठवडे झिजलो, ती फट रोज कणकेनं भरती. आणि रोज सकाळी ती वाळलेली कणीक टाचणीनं उकरून काढायचं काम... आता तुम्हीच सांगा, घरात रिकामा दुसरा कोण हाय?