ओढ्यावरच्या पुलाची फाईल

— नाही हो, तीन सेट कशाला, पाच काढा. एक तुमच्याकडे, एक शाळेकडे, एक ऑफिसात द्यायचा, आणि दोन हरवायला. हरवतात मॅडम, कागदांना पाय असतात. बघू विषय काय लिहिलाय — ‘बागेतील ओढ्यावर पादचारी पूल बांधण्यासाठी निधी मिळणेबाबत’. हं. ‘मिळणेबाबत’ चांगलं आहे. मागच्यांनी ‘उपलब्ध होणेबाबत’ लिहिलं होतं, त्याच्या मागच्यांनी ‘मंजूर होणेबाबत’. मला पाठ आहे सगळं. सात-आठ वर्षं हाच एक अर्ज झेरॉक्स करतोय मी, फक्त खालच्या सह्या बदलतात. माणसं येतात, तुमच्यासारखीच, नवीन, हुरूप असलेली — मग मुलं दहावी होतात आणि माणसांना पुलाची गरज उरत नाही. नाव काय म्हणालात? नम्रता. बरं. आणि तुम्हाला माझ्याकडे कोणी पाठवलं? चौकातलं दुकान तुमच्या सोसायटीला जवळ पडलं असतं की. दुर्गाबाईंनी? ‘पुलाचं काम असलं की अनंतरावांकडंच जायचं’ — असं म्हणाल्या त्या? अजून म्हणतात? बसा. बसा तुम्ही. तो वह्यांचा गठ्ठा खाली ठेवा आणि बसा स्टुलावर.

तुम्हाला इथली रचना कळली आहे ना, की नुसतीच सही केलीत? तसं नाही, लोक करतात. हे बघा, शाळा ही अशी, पुढचं गेट रस्त्यावर, माझ्या दुकानासमोर. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून बाग. बागेच्या मधोमध ओढा. ओढ्यापलीकडे बागेचा उरलेला तुकडा, झोपाळे आणि घसरगुंडी तिकडे, आणि शाळा, म्हणजे मुलं, इकडे — ज्यानं नकाशा काढला त्याला माझा नमस्कार सांगा. आणि त्या झोपाळ्यांच्या मागे जुनी वस्ती, आणि आता तुमच्या सोसायट्या. म्हणजे तुमच्या मुलीला शाळेची घंटा घरात ऐकू येते, पण शाळेत यायचं तर आधी हायवेला जायचं, मोठ्या पुलावरून ओढा ओलांडायचा, ट्रकच्या कडेकडेनं चालायचं, माझ्या दुकानावरून वळायचं — दीड किलोमीटर. तुमची रिक्षानं येते म्हणा. वस्तीतली चालत येतात. पावसाळ्यात वह्या शर्टाच्या आत घालून येतात. आणि ज्यांना चालायचं नसतं ती पाण्याच्या पाइपवरून बागेत येतात आणि शाळेच्या भिंतीला वळसा घालतात. पाहिलात तो पाइप? ओढ्यावरून आडवा गेलाय तो. दीड फूट रुंद असेल, वर गोल, धरायला काही नाही. तिथे एक छोटा पूल टाका आणि शाळेच्या मागच्या भिंतीत एक गेट पाडा, एवढंच तर मागणं. पाच मिनिटांचं अंतर. बागेतून, झाडांखालून. कोण नाही म्हणेल?

कोणीच म्हटलं नाही. तीच तर गंमत आहे.

काय? पहिल्यांदा का झाला नाही? झाला असता हो, झालाच होता. दुर्गाबाईंनी केला होता. तुम्ही त्यांना आत्ता बघता, दारात वॉकर धरून उभ्या असतात — तेव्हा बघायला हव्या होत्या. या मांजरी गावातल्याच, मळ्यातून भाजी काढून हडपसरला नेऊन विकायच्या, पाट्या डोक्यावर. लिहिता-वाचता येत नाही, सही तेवढी गिरवून गिरवून शिकलेल्या. नात अपेक्षा, आई-बाप कामाला लांब, म्हणून नातीला शाळेत सोडणं-आणणं यांच्याकडे. रोज दोनदा हायवेनं. एक दिवस एक टेम्पो अपेक्षाच्या दप्तराला घासून गेला. पोरीला काही झालं नाही, दप्तराचा बंद तुटला. बाई तो बंद हातात घेऊन या दुकानात आल्या, मला म्हणाल्या, ‘दादा, अर्ज कसा करत्यात?’ मी सांगितलं. मीच लिहून दिला पहिला अर्ज, खोटं कशाला बोलू. मी मूळचा शनिवार पेठेतला, आमच्याकडे अर्ज लिहायचं शिक्षण बाळगुटीतूनच देतात. मग त्यांनी घरोघर जाऊन तीनशे बारा सह्या आणल्या. मुख्याध्यापकांच्या ऑफिसबाहेर अकरा दिवस बसल्या, मागच्या गेटला शाळेची हरकत नाही असं पत्र मिळेपर्यंत. एका कारखानदाराचा ट्रस्ट होता, त्यांच्या माणसाला तो पाइप दाखवायला नेलं आणि स्वतः त्यावरून चालून दाखवलं. साठीतली बाई! त्या माणसानं डोळे मिटून घेतले म्हणे. निम्मे पैसे आम्ही देतो, म्हणाला, पण निम्मे वॉर्डाच्या निधीतून याच आर्थिक वर्षात मंजूर करून आणा. अठरा लाखांचं एस्टिमेट. वॉर्डातले साहेबही तयार. म्हणाले, एकतीस मार्चच्या आत पूर्ण प्रस्ताव आणा, सगळी पत्रं मूळ प्रत, बाकी माझ्यावर सोडा. इतकं सोपं झालं होतं, मॅडम. इतकं सोपं कधी कुणाचं होत नाही.

एकतीस मार्चला सकाळी दहाला बाई इथे उभ्या, नवं लुगडं नेसून. मी सगळ्याची झेरॉक्स काढली, फुकट काढली, मूळ कागदांची फाईल लावून दिली, बाराला त्यांनी ती ऑफिसात दिली, शिक्का घेतला, येताना मला पेढा दिला. आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फाईल परत. शाळेच्या ना हरकत पत्राची मूळ प्रत जोडलेली नाही, प्रस्ताव अपूर्ण, निधीचं वर्ष संपलं. ट्रस्टनं दोन महिने वाट बघून पैसे कुठल्या तरी दवाखान्याला दिले — त्यांचं तरी काय चुकलं? पुढच्या वर्षी एस्टिमेट वाढलं, साहेब बदलून गेले, मग सगळं बंदच होतं दोन वर्षं, मग निवडणुका नाहीत, मग कोणाला विचारायचं तेच कळेना. झालं. एका कागदानं. असतं एकेकाचं नशीब. होतं असं, घाईत राहून जातो एखादा कागद काचेवर, झेरॉक्स हातात येते आणि मूळ कागद झाकणाखाली तसाच, दिवसातून दोनदा होतं माझ्याकडे, आधार कार्डं तर —

काय म्हणालात?

काचेवर असं म्हटलं का मी?

… म्हटलं असेन. बोलण्याच्या ओघात. त्यांच्या फाईलचं नव्हतो बोलत, एकूण धंद्याचं सांगत होतो. लोक विसरतात. तुम्ही आयटीत का हो? तरीच. शब्द पकडता.

बरं, होतं काचेवर. राहिलं. त्यात माझा काही हेतू नव्हता, शपथेवर सांगतो, आईशप्पथ. मार्च एंड, दुकानात ही गर्दी, रिझल्टची, टॅक्सची, बाई शेजारी उभ्या राहून ‘झालं का दादा, झालं का’ — राहिलं. कुणाकडूनही राहिलं असतं. याच्यासाठी मला कुणी फाशी देणार नाही, आणि एवढंच असतं तर मी तुम्हाला केव्हाच हसत हसत सांगितलं असतं. सापडलं कधी, विचाराल ना आता? विचारा की. एप्रिलमध्ये, असं म्हणता आलं असतं मला. सात वर्षं मी मनातल्या मनात एप्रिलच म्हणत आलोय.

त्याच दिवशी. दुपारी साडेतीनला. झाकण उचललं, तर शाळेचा गोल शिक्का, मुख्याध्यापकांची सही, कागद पालथा. ऑफिस सव्वासहापर्यंत उघडं. स्कूटर ही इथे, दारात. पंधरा मिनिटांचा रस्ता.

मी किल्ली घेतली होती हातात. हेल्मेटही घातलं. आणि मग तेवढ्यात शाळा सुटली. ही सगळी झुंबड इकडे आली, नेहमीसारखी — खोडरबर द्या, कार्डशीट द्या, काका दोन रुपये सुटे द्या — आणि हेल्मेट घालून मी पेन्सिली विकत उभा. तेव्हा माझ्या मनात आलं. तोपर्यंत आलं नव्हतं, खरंच सांगतो, अर्ज मीच लिहिला होता ना? पण त्या गर्दीकडे बघताना मला कळलं, की पूल झाला तर ही मागच्या गेटनं जाणार. बागेतून. यातली निम्मीशिम्मी माझ्या दुकानाकडे फिरकणार नाहीत. कोणी काही वाईट करणार नाही, फक्त इकडून जाणार नाहीत. मी हेल्मेट काढलं. म्हटलं, गर्दी ओसरली की जाऊ. गर्दी ओसरली. म्हटलं, चहा पिऊन जाऊ. सहा वाजता घड्याळाकडे बघितलं आणि म्हटलं, आता काय उपयोग. पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. एवढंच. काही केलं नाही मी, मॅडम. बसून राहिलो.

नाही, ऐका आता. मध्येच उठू नका. काढलंत ना माझ्या तोंडून, मग ऐका.

त्याच वर्षी श्रावणात शाळेतून दुर्गाबाईंना फोन गेला, अपेक्षाला ताप आहे, घेऊन जा. बाई घरी एकट्या. पाऊस. रिक्षा मिळेना. हायवेनं चालत यायला अर्धा तास लागला असता, आणि शाळा त्यांना समोर दिसत होती — वर्गाच्या खिडकीतला दिवासुद्धा. त्या पाइपवरून निघाल्या. ज्या पाइपवरून त्या माणसाला चालून दाखवलं होतं, त्यावरूनच. पण तेव्हा उन्हाळा होता, पाइप कोरडा होता. अर्ध्यात पाय घसरला. पाणी फार नव्हतं, खाली दगड होते. खुबा मोडला. दोन तास पडून होत्या ओढ्यात. बागेच्या माळ्यानं पाहिलं. ससूनला नेलं, ऑपरेशन झालं, दीड महिना तिथे. भाजीची पाटी त्यानंतर डोक्यावर घेतली नाही त्यांनी. अपेक्षा? चांगली आहे, अकरावीला गेली, लोणी काळभोरला जाते कॉलेजला. बोलते माझ्याशी. काका म्हणते.

हो, गेलो होतो. गेलो होतो मी सांगायला! तुम्हाला काय वाटलं, मी दगड आहे? सफरचंदं घेतली, घरून निघतानाच वाक्य तयार केलं होतं — ‘बाई, तो कागद माझ्याकडे होता.’ पाच शब्द. पेठेतला माणूस मी, पाच शब्दांत समोरच्याला गार करतो. वस्तीत त्यांच्या खोलीत गेलो, त्या खाटेवर, पाय वर बांधलेला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच माझा हात धरला. म्हणाल्या, ‘दादा, तुमी येवढं फुकाट काम करून दिलं, आन म्या घालवलं. वाचाय येत न्हाई, ठीक हाय, पर पानं मोजाय काय झालं हुतं मला? वाटंत पडलं आसंल कुटंतरी. सगळ्या पोरांचं नुसकान केलं म्या.’ आणि रडल्या. खुब्यासाठी नाही, त्या कागदासाठी. माझी माफी मागितली त्यांनी, मॅडम. माझी. सून चहा घेऊन आली. मी प्यालो. साखर जास्त होती. म्हटलं, ‘बाई, जाऊ द्या, होतं असं.’ आणि घरी आलो.

त्यांनी वस्तीत सगळ्यांना तेच सांगितलंय. ‘पूल माझ्यापायी गेला.’ त्याची भरपाई म्हणून त्या दारात उभ्या राहून तुमच्यासारख्या नव्या लोकांना गाठतात, अर्ज करा म्हणतात, आणि माझ्याकडे पाठवतात. बिचाऱ्याने पहिल्यापासून साथ दिली, म्हणतात.

बायकोला माहीत आहे. विजयमाला बसायची की दुपारची दुकानात. एकदा सुटे पैसे शोधताना ड्रॉवर उघडला, पत्र काढलं, वाचलं, तारीख बघितली. मी समोर उभा. मला वाटलं आता बोलेल. ती म्हणाली, ‘स्टेपलच्या पिना संपल्यात.’ पत्र होतं तसं ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून दुकानात येत नाही. गुडघे दुखतात म्हणते. बरोबर आहे, दुखत असतील. तिसऱ्या मजल्यावर गच्चीत कपडे वाळत घालायला जाताना दुखत नाहीत, पण दुखत असतील.

आणि काय वाचवलं मी? विचारा ना. वह्या ऑनलाइन येतात, शाळा प्रोजेक्टचं सामान वर्गातच देते, झेरॉक्सच्या जागी लोक मोबाइलवर फोटो पाठवतात. तुम्ही आज महिन्याभरातल्या पहिल्या, ज्या एकवीस पानं घेऊन आलात. दुकान तसंही बसलंच. पूल झाला असता तरी बसलं असतं, झाला नाही तरी बसलं. निदान ओढ्यावरून पोरं तरी गेली असती.

असं बघू नका माझ्याकडे. तुम्हाला रागवायचं तर रागवा, गप्प राहून बघू नका, ते घरी होतंच. हे तुमचे कागद घ्या. एकाचीही झेरॉक्स काढलेली नाही मी, बोलतच बसलो. चौकात साईनाथचं दुकान आहे, तिथे काढा, चांगला माणूस आहे. नाही, मला जमणार नाही. मशीन चालू आहे हो माझं. नाही जमणार, एवढंच.

दुर्गाबाईंना? तुम्ही सांगणार? … सांगा. मी नका सांगू म्हणणार नाही, तेवढी लाज शिल्लक आहे. फक्त — नाही, काही नाही. सांगा. सूनही घरात असेल तेव्हा सांगा. एकट्या असताना नको.

घंटा झाली. आता इथे उभं राहायला जागा मिळणार नाही तुम्हाला. इकडूनच येतात सगळी. दुसरीकडून जायला आहे काय? — ए, ढकलू नकोस गं तिला, पडेल ती. काय पाहिजे? पेन्सिल? साधी का शेडिंगची? — मॅडम, जरा बाजूला होता का. गिऱ्हाईक आहे.