घरी चालत होतं हो!

...नाही, मी म्हणते, घरी चालत होतं ना? शपथेवर सांगते तुम्हाला, घरी चालत होतं हो! देवळाली कॅम्पात, आमच्या हॉलमधल्या कॉम्प्युटरवर आयकॉन दाबला की टुणकन गणिताचा खेळ उघडायचा, माकड सरसर झाडावर, आणि माझ्या तिसरीच्या पोरांचे आवाज... "शाब्बास रे पठ्ठ्या! आता सातचा पाढा!" हा आवाज वेदिकाचा बरं का. वर्गात हूं की चूं करत नाही ती पोरगी, पण माइकपुढं अशी गरजली, अशी गरजली, की मीच दचकले! आणि मी सगळ्या वर्गाला शब्द देऊन बसलेली, दिंडोरीचे मोठे साहेब तुमचा आवाज ऐकणार म्हणून.

तर स्पर्धा शैक्षणिक साहित्याची. परिपत्रक म्हणतं, साहित्य सीडीतच सादर करावे. आता सीडी आजकाल वापरतं कोण, तुम्हीच सांगा? पण परिपत्रकाची फक्त तारीख बदलतात, मजकुराला हात लावायची कुणाची छाती आहे! मी सुट्ट्या घालवून खेळ बनवले आणि सीडी भरायला दिली हर्षलभाऊजींना. माझे धाकटे दीर. नाशकात द्वारका चौकात मोबाईलच्या दुकानात बसतात, म्हणजे आमच्या घरचे शास्त्रज्ञच. "वहिनी, टेन्शन नका घेऊ. आयकॉन आहे तिथून उचलायचा, सीडीत टाकायचा, विषय संपला!"

विषय खरंच संपला, पण तो पुढं.

निघताना सासूबाई आडव्या. "उज्वला, थांब. नवी वस्तू हाय, हळदकुंकू लावल्याबिगर दाराबाहेर न्यायची नाय." दसऱ्याला मिक्सरलासुद्धा कुंकू लावणारी बाई ती, सीडीला सोडते होय? आणि लावलं कुठं? चकचकीत बाजूला! मी एसटीत पदरानं पुसत पुसत दिंडोरी गाठली.

हॉल शिक्षकांनी गच्च. पुढच्या खुर्चीत साहेब. कॉम्प्युटरवर ऑफिसचे भिकनभाऊ. सीडी घातली, आयकॉन दिसला, मी ऐटीत म्हटलं, "सर, आता आवाज ऐका हं मुलांचे." दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. कॉम्प्युटर लागला शोधायला... इकडं शोध, तिकडं शोध... मागून एक मॅडम म्हणतात कशा, "कुंकू लागलंय वाटतं त्याला!" हॉल हसला. मी मनातल्या मनात सासूबाईंचा उद्धार करत होते, तेवढ्यात कॉम्प्युटरच म्हणाला, हा प्रोग्रॅम सापडत नाही, पण याच्यासारखा दुसरा आहे, तो दाखवू का? म्हणजे लग्न जमवणारे नाही का म्हणत, थोरलीचं जमलंय हो, धाकटी दाखवू का? मी घाबरून म्हटलं, दाखव!

तर उघडले पत्ते! भिकनभाऊंचा अर्धवट टाकलेला डाव! साहेबांनी चष्मा सावरला. "मॅडम, हे कितवीसाठी?"

भिकनभाऊंनीच मग सांगितलं. "मॅडम, सीडीत खेळ नाहीच. नुसता शॉर्टकट आहे." शॉर्टकट म्हणजे काय, तर दारावरची नुसती पाटी! खेळ राहिला देवळालीला आणि मी दिंडोरीला पाटी घेऊन आले! भाऊजींना फोन लावला, तर हा माणूस काय म्हणावा?

"पण वहिनी, घरी चालत होतं!"

पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहिले. भाऊजींनी या वेळी खेळही सीडीत घातला, पाटीही. घरी चालतंय, शाळेत नाही! का? आमच्या कॉम्प्युटरात सीडीच्या खणाचं नाव डी, शाळेतल्यात ई. पाटी डीचं दार वाजवत बसली, आणि खेळ शेजारी ईत! मी म्हटलं, भाऊजी, आपण पत्ता सांगताना घर नंबर सांगतो का हो? द्वारकेला उतर आणि दुकानाशेजारी विचार, असंच ना? तसंच सांगा की त्या पाटीला, तू जिथं असशील तिथंच शेजारच्या फोल्डरात बघ! तेव्हा कुठं भाऊजींच्या डोक्यात उजेड पडला. मग काय विचारता, शाळेत चालला, शेजारी चालला, स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडं चालला. कुठंही घाला! सीडीच्या डब्यावर कुंकू लावलं, डब्यावर, आणि गेले.

हॉलमध्ये नवेकोरे कॉम्प्युटर. चपटे. मी पुढून बघितलं, बाजूनं बघितलं, मागून बघितलं... सीडी घालायला तोंडच नाही! म्हटलं, सर, परिपत्रकात... साहेब म्हणाले, "अहो मॅडम, सीडी कसली आणता? तो शॉर्टकट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून द्या मला."

शॉर्टकट! नुसता! मी सांगायला गेले, सर, त्यात खेळ नसतो... ते पुढच्या टेबलावर. शेवटी घरून नुसता शॉर्टकटच पाठवला. लगेच साहेबांचा अंगठा आला. आणि संध्याकाळी निकाल... माझा पहिला नंबर!

आता तुम्ही म्हणाल, मग रडतेस कशाला? अहो, दुसऱ्या दिवशी वेदिका, आता चौथीत गेलेली, माझ्या टेबलाशी आली. कधी नव्हे ते आपण होऊन बोलली. "बाई, साहेबांना माझा आवाज आवडला?" म्हटलं, बाळा, पहिला नंबर आला आपला. तर म्हणते, "हो, पण ऐकला का त्यांनी?"

लेकरू काही सोडेना. मग तिच्या आईला विचारून शनिवारी तिला घरी आणली, कॉम्प्युटरपुढं बसवली, सासूबाईंना बसवलं शेजारी साहेब म्हणून, आणि दाबला आयकॉन...

घरी चालतं हो. घरी सगळं चालतं.