पेन्सिल कोणी खाल्ली

अगं, पनवेलला मी घराच्या ओटीवर लहान मुलांचा चित्रांचा वर्ग घ्यायचे ना, तेव्हाची गोष्ट. मामलेदार कचेरीतले अण्णासाहेब अडीच वर्षांच्या बाळूला घेऊन आले. "बाई, याला घ्याच. हात बघा कसा वळतो!"

मी म्हटलं, "माझ्या तीनच अटी. मुलानं एका जागी बसायचं, दुसऱ्याचं ओढून घ्यायचं नाही आणि पाटीवरची पेन्सिल खायची नाही."

बाळू चार पोरांत मुकाट बसला आणि पाटीवर गोल गोल रेघोट्या ओढू लागला. पण अण्णासाहेबांना कुठला धीर! जन्म गेला लोकांच्या अर्जांत चुका काढण्यात. "अरे, आंबा असा असतो होय?" म्हणत ते उठले आणि पोरांत फतकल मारून बसले. शेजारच्या कुसुमच्या हातातली पेन्सिल ओढून स्वतःच आंबा काढू लागले. देठ काही जमेना. विचार करता करता त्यांनी पेन्सिलीचं टोक दाताखाली धरलं आणि कुडकन तोडून चावलंसुद्धा. कुसुमनं भोकाड पसरलं.

मिशीवरची पूड पुसत म्हणाले, "मग बाई, काय ठरलं?"

म्हटलं, "बाळूला उद्यापासून पाठवा. तुम्ही मात्र अजून दोन वर्षं थांबा."