दोन चव्वेचाळीसच्या उपग्रहावरची हाक

जबाब, दिनांक १२ ऑगस्ट, मंगळवार

मी नेलिदा असुसेना बार्रियोनुएव्हो, वय ६३ वर्षे, धंदा काही नाही (पूर्वी शाळेत स्वयंपाकीण), राहणार व्हिया लास पेन्यास, चर्चमागची गल्ली, प्रांत ला रिओहा. ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते ते असे :

वरील पत्त्यावर मी एकटीच राहते. यजमान सुतार होते, ते वारले. मला धाकटा भाऊ एक, एलिसेओ. तो देशाच्या पार दक्षिण टोकाला, उश्वायाला असतो आणि हौशी रेडिओ चालवतो, म्हणजे घरच्या यंत्रावरून लांबलांबच्या माणसांशी बोलतो. नऊ वर्षांपूर्वी आमची आई गेली. आजारपणात तिनं मला बजावलं होतं, "एलिसेओला कळवायचं नाही, नोकरी टाकून धावत येईल." मी ऐकलं. तो आला तेव्हा आईला माती देऊन दोन दिवस झाले होते. उंबऱ्यातूनच म्हणाला, "माझी आई माझ्याशिवाय पुरलीस तू." तेव्हापासून फोन उचलत नाही, पत्रं न फोडता परत येतात. आईनंच नको म्हटलं होतं, हे त्याला सांगायचं राहिलंय. नऊ वर्षं ते ओझं वाहून मी थकले, साहेब.

या रेडिओवाल्यांत एक रीत आहे. नव्या माणसानं हाक दिली की ओ द्यायचीच. ते कळल्यावर मी गेल्या वर्षी परीक्षा देऊन परवाना काढला, तो सोबत दाखवला आहे. रेडिओ क्लबातले आबेलार्दो, वय ८०, यांनी शिकवलं. यजमानांची पोलादी मोजपट्टी कापून, प्लॅस्टिकच्या नळीवर तुकडे बसवून अँटेना केली. ती हातात धरून उपग्रह जाईल तसतशी फिरवायची. उपग्रह दहा-बारा मिनिटं वर असतो, तेवढ्यात देशभरची माणसं त्याच्यामार्फत बोलतात, एका वेळी एकच. म्हणून आपलं नाव, ठिकाण सांगून बाजूला व्हायचं. घरच्या गप्पा मारणं तिथं असभ्य समजतात.

पहिले दोन महिने उपग्रहावरून परत येणारा माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, तरी मी आपली ओरडतेय. आबेलार्दो म्हणाले, "अहो बाई, उपग्रह बहिरा नाही, तुमची अँटेना आडवी आहे!" मार्चमध्ये एलिसेओनं ओ दिली. मी घरात कुणी न वापरलेलं दुसरं नाव, असुसेना, आणि ठिकाण नुसतं ला रिओहा सांगितलं. आवाज त्यानं ओळखला नाही. उलट मायेनं म्हणाला, "या बाई, स्वागत आहे. मनगट जरा वळवा, आवाज बुडतोय." असं पाच महिने चाललं. परक्या बाईशी किती गोड बोलतो मेला. मी घरात येऊन रडायची.

आज ठरवलं, सांगून टाकायचं. दुपारी २ वाजून ४४ मिनिटांनी मी अंगणात उभी राहिले. आमच्या गावात ती झोपेची वेळ. कानांवर हेडफोन असल्यानं मी किती मोठ्यानं बोलते ते मला कळत नाही, हा माझा दोष. शेजारीण तेऑफिलाबाई भिंतीवरून म्हणाल्या, "नेलिदा, अगं ती काटकी माझ्या खिडकीवर कशाला रोखतेस? झोपू दे की!" उपग्रह त्यांच्याच छपरावरून जातो, त्याला मी काय करू? त्यांनी ठाण्यात फोन केला. शिपाई मायदाना कोपऱ्यावरच होते.

सुमारे २ वाजून ५२ मिनिटांनी मी म्हटलं, "एलिसेओ, मी नेलिदा. तुला कळवू नको असं आईनं सांगितलं होतं. मी ऐकलं. चुकले रे." एवढं बोलून ऐकण्यासाठी बटण सोडलं. त्याच क्षणी मायदाना यांनी, "बाई, ते हत्यार खाली," म्हणत नळी धरून अँटेना जमिनीकडे वळवली. मी म्हटलं, "चार मिनिटं थांब रे बाबा, पाया पडते." त्यांनी ऐकलं नाही. नुसती खरखर आली. उपग्रह डोंगराआड गेला. मग मला अँटेनेसह इथं ठाण्यात आणलं. मला मारहाण झालेली नाही.

इथं बाकावर बसले असता, तेऑफिलाबाईंकडून कळल्यावर आबेलार्दो यांचा ठाण्यात फोन आला. त्यांनी घरून सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, "एरवी तिथं मासळीबाजार असतो. तुमच्यानंतर कुणीही बटण दाबलं नाही. सगळ्यांनी जागा मोकळी ठेवली. मग एलिसेओ 'नेलिदा, नेलिदा' अशा हाका मारत राहिला, उपग्रह मावळेपर्यंत. शेवटी म्हणाला, 'ताई, रागावलीस का? बोल ना.'"

माझी शिपायाविरुद्ध तक्रार नाही. तेऑफिलाबाईंची माफी मागते. तोच उपग्रह ४ वाजून २१ मिनिटांनी पुन्हा वर येतो. आता भिंतीवरच्या घड्याळात ४ वाजून ९ मिनिटं झाली आहेत. रेडिओ माझ्या पिशवीत आहे, अँटेना आपल्या कपाटामागे आहे.

जबाब साहेबांनी वाचून दाखवायला घेतला, दुसऱ्या परिच्छेदावर मीच थांबवला. पुढचं न ऐकताच सही करते. जे लिहिलं असेल ते खरं धरा, पण मला आता सोडा.

सही : नेलिदा अ. बार्रियोनुएव्हो
समक्ष : ठाणे अंमलदार. (अँटेना ४ वाजून ११ मिनिटांनी परत दिली. बाई ठाण्याच्या अंगणातच उभ्या आहेत.)