गल्लीतले माग भरदुपारी बंद पडले त्याबाबत

नाव : जयाबाई नागोजी दिवटे. वय : ६४. धंदा : मागासाठी सुताच्या कांड्या भरणे. राहणार : वडगाव, बेळगाव.

मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटीच राहते. मला कन्नड येतं, पण आजचं सांगणं मराठीतच नीट होईल असं मी म्हणाले, म्हणून जबाब मराठीत घेतला आहे.

माझ्यापासून चौथ्या घरात नागेंद्र तारळेकर, त्याची बायको नीलम आणि मुलगी आरोही राहतात. नागेंद्रचे घरातच दोन पॉवरलूम आहेत. आरोही डॉक्टरकीच्या मागं लागली त्याला हे तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी मार्क थोडके कमी पडले. दुसऱ्या वर्षी मार्क होते, पण बारावी कोल्हापूरला मामाकडं झालेली. तिकडचे म्हणाले, तुम्ही कर्नाटकातले. इकडचे म्हणाले, बारावी तिकडं का केली? नागेंद्र दाखले घेऊन हेलपाटे घालत राहिला, तोवर सीटा संपल्या. त्या वेळी पोरगी चार दिवस जेवली न्हाय. मग माझ्याकडं येऊन भाकरी खाल्ली आणि "आक्का, मी कुठली म्हणून लिहू गं?" असं विचारलं. मी तिला अजून एक भाकरी वाढली.

काल दुपारी मी कांड्या भरत असताना गल्लीतले माग एकामागून एक बंद पडले. माझा पंखा फिरत होता, म्हणजे करंट गेला नव्हता. आमच्यात भरदिवसा सगळे माग थांबतात ते कोण मयत झालं तरच. काल सीटांची यादी लागणार हे मला ठाऊक होतं. माझ्या मनात काय आलं ते मी सांगणार नाही, आणि साहेबांनीही लिहू नये. आरोहीला फोन लावला, तिनं उचलला नाही. माझे गुडघे धरलेत, धावता येत नाही. म्हणून ११२ ला फोन करून "पोरीचं काय तरी झालंय, लौकर या" असं सांगितलं.

गाडी आली. मलाही तीत बसवून नेलं. दारात ही गर्दी. नागेंद्र पायरीवर टॉवेलात तोंड घालून रडत होता, नीलम बायकांच्या गळ्यात पडत होती. हवालदारांनी टोपी काढून "बॉडी कुठं हाय?" असं विचारलं. आतून आरोही साखरेची वाटी घेऊन आली आणि म्हणाली, "साहेब, बॉडी चिरायला पहिल्या वर्षाला मिळती. अजून ॲडमिशन व्हायची हाय." तिला हुबळीला सरकारी सीट लागली होती. सगळी गल्ली माग सोडून तिथं जमली होती.

मी तिला आधी एक धपाटा घातला. मग धरलं ते सोडलं नाही. हवालदारांनी दोनदा साखर खाल्ली, हे त्यांनाच विचारावं. माझे यजमान गेले तेव्हा माग संध्याकाळी परत चालू झाले होते. काल रात्रीपर्यंत एकही चालू झाला नाही.

खोटी खबर का दिली असं विचारल्यावरून सांगते की, मुद्दाम दिली नाही. चूक झाली, आणि चूक झाली याचा मला लई आनंद आहे.

कोणाविरुद्ध तक्रार आहे काय, असं विचारल्यावरून सांगते की, आहे. ह्या पोरीला ज्यांनी ह्या टेबलावरून त्या टेबलावर नाचवलं, त्यांच्यावर आहे. त्यांची नावं मला ठाऊक न्हाईत. साहेब म्हणाले, नावं नसली तर घेता येत नाही. आरोही मला घरी न्यायला आली आहे, बाहेर स्कूटर चालू करून उभी आहे. तरी माझी आज कोणाविरुद्ध तक्रार नाही.

हे सगळं मला सावकाश वाचून दाखवलं. मी बोलले तेच आहे.

सही : जयाबाई